पोटात पाणी झालेलं मिग: ओझरजवळच्या एका विमानाचं प्रकरण

पहिला स्क्रू सुटला तसं पाणी माझ्या मनगटावरून थेट बाहीत शिरलं. कोऱ्या चहासारखं लालसर, कुजक्या पाल्याचा वास असलेलं. 2023 च्या ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. पाऊस उघडून दहा-बारा दिवस झाले होते, शेजारच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी चालू होती, आणि हे विमान आतून अजून ओलंच होतं. खाली धरलेली बादली भरली, दुसरी आणेपर्यंत ओट्यावर ओघळ गेला. त्या एका पॅनेलमधून तीन बादल्या पाणी निघालं. त्यामागोमाग मूठभर चिखल, मैनेच्या घरट्याच्या काड्या आणि पांढरी भुकटी आली. भुकटी मी बोटांत चोळून बघितली. ते विमानाचंच अंग होतं.

विमान कुठल्या संस्थेच्या आवारात आहे ते लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, त्यांनी नंतर जे केलं ते फार थोड्यांनी केलं असतं, आणि तिथे ज्या चुका झाल्या त्या उघड्यावर ठेवलेल्या कितीतरी विमानांच्या वाट्याला येतात. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा शेवटचा निरोप झाला. आता ही विमानं आणखी चौकांत, शाळांत, कॉलेजांच्या दारात येतील. येणाऱ्याला आधी थोडं माहीत असलेलं बरं.

माझं सांगायचं तर मी ओझरला एअरफ्रेमवर 33 वर्षं काढली. पत्रा, रिव्हेट, फ्रेम, पॅनेल, एवढंच माझं जग. बाहेरच्या लोकांना ओझर म्हणजे विघ्नहराचं, जुन्नरकडचं. नाशिकमध्ये मात्र आमच्या गावाला ‘ओझर मिग’ म्हणतात, एसटीत तिकीट मागतानासुद्धा. 1964 मध्ये इथे कारखाना उभा राहिला तो मिग-21 बांधायलाच. इंजिनं ओरिसातल्या कोरापूटहून यायची, विमानाचं शरीर इथे तयार व्हायचं. सुरुवातीला आलेल्या सुट्या भागांची जोडणी होती, पुढे कच्च्या मालापासून सगळं इथेच व्हायला लागलं. त्या पहिल्या जातीचं नाव मिग-21 एफएल. कारखान्यात आम्ही त्याला ‘टाइप 77’ म्हणायचो. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडली ती मिग-21 नी. एफएल 11 डिसेंबर 2013 ला कलाईकुंडा तळावरून निवृत्त झालं. आपल्या प्रकरणातलं विमान त्याच जातीचं.

संस्थेला ते 2015 च्या जानेवारीत मिळालं. इंजिन काढलेलं, शस्त्रं काढलेली, नुसतं शरीर. वास्तुविशारदानं छान चित्र काढलं होतं: लोखंडी खांबावर नाक वर करून झेपावणारं मिग, मागे सह्याद्रीच्या रांगा. तसंच ते उभं केलं. साधारण पंधरा अंशांचा चढ, शेपूट खाली. पुढच्या आठ वर्षांत तीनदा रंग दिला, दर वेळी 26 जानेवारीच्या आधी. 2023 च्या पावसाळ्यात शेपटीखालचा पोस्टकार्डाएवढा पत्रा गळून खाली पडला. नशिबानं रात्री पडला. सकाळी वॉचमननं तो ऑफिसात नेऊन दिला. संस्थेनं रंगाऱ्याकडून अंदाजपत्रक मागवलं: खरवडणं, पुट्टी, दोन हात रंग. तिथे विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी. तिनं फोन केला, “काका, एकदा येऊन बघा ना. रंग द्यायचा म्हणतात, पण तुकडा हातात घेतला तर बिस्किटासारखा चुरतोय.”

तो तुकडा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हाच अर्धं निदान झालं होतं. कडेनं बघितलं तर एकावर एक पापुद्रे सुटलेले, शिळ्या खाज्यासारखे. बाहेरून मात्र करडा रंग गुळगुळीत, चमकदार. आतून सडला आणि बाहेरून रंगानं धरून ठेवला, असा तो पत्रा होता.

इथे थोडं धातूबद्दल बोलायला हवं. विमानाचा पत्रा स्वयंपाकघरातल्या पातेल्याचा ॲल्युमिनियम नसतो. रशियन विमानांत ‘डी-16’ नावाचा मिश्रधातू मोठ्या प्रमाणावर असतो. त्यात चार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. तांब्यानं पत्र्याला बळ येतं, पण गंजाशी लढायची ताकद जाते. म्हणून अशा पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर दाबून बसवलेला असतो. शुद्ध ॲल्युमिनियम हवेत आला की स्वतःवर साय धरतो, आणि ती साय आतल्या बळकट पण नाजूक धातूला राखते. हा थर कागदासारखा पातळ. आमच्याकडे नव्या पोरानं पत्र्यावर स्क्रायबरनं रेघ मारली तर उस्ताद कामावरून उठवायचे, पेन्सिल वापर म्हणायचे. तीही साधी नाही, कारण शिशाच्या पेन्सिलीतलं ग्राफाइट पत्र्यावर राहिलं तरी त्याखाली गंज धरतो.

आता या विमानावर काय झालं बघा. रंगाऱ्यानं जुना रंग काढायला तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर वापरला. खिडकीच्या गजांना वापरतात तसाच. गज लोखंडाचे असतात, त्यांना चालतं. इथे शुद्ध थर जागोजागी निघून गेला, आणि ब्रशच्या तारांचे बारीक कण पत्र्यात रुतून बसले. भिंगातून बघितलं तेव्हा प्रत्येक कणाभोवती पांढरं कडं दिसलं. रंगाऱ्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे काय आहे.

पण तारेच्या ब्रशनं एवढं पाणी आत कसं जाईल? त्याचं उत्तर त्या झेपावणाऱ्या चित्रात होतं.

मिग-21 चं नाक उघडं असतं. मधे शंकू आणि त्याच्याभोवती गोल फट, तिथूनच इंजिन हवा ओढतं. नाकातून आत गेलेला मार्ग वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी दुभंगून मागे एक होतो. विमान जमिनीवर सरळ उभं असेल तर पावसाचे थोडेफार शिंतोडे आत जातात, तेवढंच. नाक वर केलं की तीच फट नरसाळ्यासारखी होते. पाऊस सरळ आत, तिथून घरंगळत मागे. इंजिनाची जागा रिकामी, म्हणजे पाणी थेट शेपटीच्या तळाला. आता शेपटीचं मागचं तोंड उघडं असतं तर तिथून बाहेर तरी पडलं असतं. पण कबुतरं शिरतात म्हणून 2017 मध्ये ते तोंड लोखंडी पत्र्यानं गच्च बंद केलं होतं. वरून पाणी येण्याची वाट उघडी आणि खालून जाण्याची बंद. तेव्हापासून सहा वर्षं विमान माठासारखं भरत होतं.

तरीही विमानाच्या पोटाला पाणी निघायला भोकं असतातच. प्रत्येक विमानाला असतात, कारण आकाशातही ओल धरते, घाम येतो. ही भोकं विमान चाकांवर उभं असताना जिथे सगळ्यात खालचा बिंदू येतो तिथे पाडलेली असतात. पंधरा अंश कलवलं की खालचा बिंदू सरकतो. भोक एका फ्रेमच्या, म्हणजे आतल्या फासळीच्या, पुढे, पाणी दुसऱ्या फ्रेमला अडून बसलेलं. आणि जी भोकं अजून उपयोगी पडली असती ती तीन वेळच्या ऑइल पेंटनं बुजलेली. मी आणि मॅडमच्या वर्गातली दोन पोरं उताणे पडून मोजत गेलो. पोटाखाली 23 भोकं सापडली. त्यातली 19 रंगानं लिंपलेली. एकातून नखानं रंगाची टिकली काढली तर मागून थेंब आला, मग दुसरा, मग धार.

माझं मत या प्रकरणात तिथेच पक्कं झालं आणि ते मी संस्थेच्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं: या विमानाला मारलं ते रंगानं, आणि वाचवायचं तर पाण्याची वाट मोकळी करणं हेच पहिलं काम. रंग सगळ्यात शेवटी.

एक सदस्य म्हणाले, “अहो पण आपल्याकडे समुद्र कुठे आहे? गोव्याला नौदलाच्या संग्रहालयात विमानं खाऱ्या वाऱ्यात उभी आहेत. आपलं ओझर-निफाड तर कोरडं.” प्रश्न रास्त होता. त्र्यंबक-इगतपुरीच्या मानानं इकडे पाऊस फारच कमी. पण धातूला किती पाऊस पडला याच्याशी देणंघेणं नसतं, किती तास ओला राहिला याच्याशी असतं. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. निरभ्र रात्री विमानाचा पत्रा हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्यावर दव धरतं, आतून सुद्धा. बाहेरचं दव नऊपर्यंत वाळतं. आतलं, बंद पोटातलं, दुपारपर्यंत राहतं. दव म्हणजे पावसाचंही पाणी नव्हे. पाऊस धूळ धुऊन नेतो, दव ती भिजवून तिथेच पोटीस बांधतं.

आणि धुळीत काय होतं, ते मला पुस्तकानं सांगितलं नाही. शेजारच्या बागेच्या मालकानं सांगितलं.

विमानाच्या उजव्या पंखावर, वरच्या बाजूला, मला फिकट निळसर डाग दिसत होते. डाव्यावर कमी. उजव्या पंखाच्या स्क्रूंभोवती खड्डेही जास्त खोल. कारण लागेना. बांधावर एक शेतकरी आमची गंमत बघत उभे होते, साठीचे असतील. मी शिडीवरून विचारलं, “आप्पा, हे निळं काय आहे काही कळतंय का?” ते जवळ आले, हात लावला, वास घेतला. म्हणाले, “बोर्डो हाय हे नाना. आमचंच. ब्लोअर मारतो ना, वारं इकडं असलं की येत असंल.”

द्राक्षबागेवर डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून पावसाळ्यात बोर्डो मारतात, हे नाशिककराला सांगायला नको. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. आप्पा पुढे म्हणाले ते मी वहीत लिहून घेतलं. “मोरचूद आमी पत्र्याच्या टिपात कदी भिजवत न्हाई. टीप खातं ते. प्लॅस्टिकच्या ड्रमात भिजवायचं. आन् झालं का नाही बघायला विळा बुडवायचा. पातं तांबडं झालं तर चुना कमी पडला.”

विळ्याची परीक्षा मला लहानपणापासून माहीत होती, पण तिचा अर्थ त्या दिवशी लागला. पात्यावर चढतं ते तांबं. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. ॲल्युमिनियमवर हेच होतं, आणखी वाईट होतं. तांब्याचा एक सूक्ष्म ठिपका पत्र्यावर बसला, त्यावर दव पडलं की तिथे चिमुकली बॅटरी तयार होते आणि तिचं इंधन म्हणजे विमानाचा पत्रा. रंग अखंड असेल तर बोर्डो वरच्यावर राहतो, धुतला की जातो. पण स्क्रूभोवती रंग तडकलेला असतो, पंखाच्या कडेला टवके उडालेले असतात, तिथे तो आत घुसतो. मी 33 वर्षं या पत्र्यात काढली, आणि द्राक्षाच्या मुलखात उभ्या असलेल्या विमानाचा हा खास शत्रू मला एका बागायतदारानं दाखवला. आप्पांनी त्याच आठवड्यात स्वतःहून सांगून टाकलं की विमानाच्या बाजूच्या चार ओळींना वारं पडल्यावरच फवारणी करीन, आणि मारली की निरोप देईन. तो निरोप आला की दुसऱ्या सकाळी पोरं पंख धुतात. फवारणी थांबवा असं म्हणायची आम्हाला गरज पडली नाही, आणि ते योग्यही झालं नसतं. बाग त्यांचं पोट आहे.

बैठकीत मुख्य वाद झाला तो विमान खाली उतरवण्यावरून. काही जणांना झेपावणारं मिग सोडवत नव्हतं. मलाही समजतं, पोरं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढायची. त्यांनी सुचवलं की नाकाला झाकण बसवू, भोकं मोकळी करू आणि खांब तसाच ठेवू. मी त्यांना खांबापाशी नेलं. पोटात भोक कापून लोखंडी ताटली आत घातली होती आणि बोल्टनं आवळली होती, मधे रबर नाही, काही नाही. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना उघडे टेकले आणि मधे ओल आली की झिजायचं काम ॲल्युमिनियमच्या वाट्याला येतं. ताटलीच्या कडेनं रिव्हेटांच्या मधला पत्रा उशीसारखा फुगला होता. गंजलेला धातू मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पत्रा असा फुगतो. विमानात कुठेही अशी उशी दिसली की समजायचं, आत फ्रेमला लागलंय. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं मी पत्र्यावर टिचक्या मारत गेलो. चांगल्या पत्र्यावर टण वाजायचं. खांबाच्या जवळ आलो तसं थप, थप. सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर कुणी खांबाचा आग्रह धरला नाही. वळवाच्या वादळात एवढं धूड या थप वाजणाऱ्या पत्र्यावर उभं आहे, आणि त्याच्याखालून पोरं ये-जा करतात, हे कुणालाही सोसवण्यासारखं नव्हतं.

हात लावण्याआधी एक काम केलं, त्याची घाई कुणीही करू नये. कॉकपिटमध्ये इजेक्शन सीट होती. वैमानिकाला बाहेर फेकायला त्यात काडतुसं असतात. विमान देताना ती काढलेली असतातच, पण ‘असतात’ आणि ‘आहेत’ यात अंतर आहे. संस्थेच्या फायलीतून हवाई दलाचा कागद काढला, त्यावर निष्क्रिय केल्याची नोंद वाचली, मगच कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, हात लावला. जुन्या विमानांच्या काही घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा चमकणारा रंग असतो, म्हणून तिथलं कुठलंही घड्याळ उघडायचं नाही, काच पुसायची आणि सोडून द्यायचं, असा नियम केला. तिसरा धोका पोरांना सांगूनही पटत नव्हता, कारण तो दिसायला सुंदर आहे: रंगाखालचा पिवळट-हिरवा प्रायमर. तो क्रोमेटचा. पत्र्याला तो फार चांगला राखतो, पण त्याची कोरडी धूळ श्वासात गेली तर कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे घासण्याचं काम विद्यार्थ्यांना अजिबात दिलं नाही. आम्ही तिघे निवृत्त माणसं, तोंडाला चांगला मास्क, सगळं ओलं ठेवून घासणं, खाली प्लॅस्टिक अंथरून गाळ गोळा करणं. तो गाळ नाल्यात जाऊ दिला नाही. नाल्याच्या पलीकडे आप्पांची बाग आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये क्रेन आणली. इंजिन नसलेलं मिग नाकाकडे जड होतं, त्यामुळे पुस्तकातला तोल धरून पट्टे बांधले तर ते नाकावर कोसळतं. आम्ही आधी वीतभर उचललं, थांबलो, पट्टे पुढे सरकवले, परत वीतभर. सकाळी सातला सुरू केलेलं काम दुपारी अडीचला संपलं. विमान खाली तीन लोखंडी स्टँडवर आलं, जॅक लावायच्या मूळ जागांवर, मधे जाड प्लॅस्टिकची गादी. चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. टायरवर वजन ठेवलं तर एका जागी उभं राहून ते बसतात, चिरतात, आणि चाकांच्या कपा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या असतात, ओल्या मातीत त्यांचं पीठ होतं. नाक आता सरळ. पोटाची मूळ भोकं पुन्हा जिथे असायला हवीत तिथे, सगळ्यात खाली. काही नवं यंत्र लावलं नाही. ज्यांनी हे विमान आखलं त्यांनी पाण्याचा विचार केला होता, आम्ही फक्त त्यांच्या विचाराच्या आड येणं बंद केलं.

शेपटीच्या मागचा लोखंडी पत्रा काढून स्टेनलेसची जाळी बसवली, कडेला रबर देऊन. नाकाला फायबरचं झाकण, पण तळाशी दोन बोटं फट ठेवून. पूर्ण बंद करायचं नाही, वारं खेळलं पाहिजे. हे मी संस्थेच्या लोकांना इतक्यांदा सांगितलं की वॉचमन आता पाहुण्यांना तेच सांगतो.

आतला खराबा काढताना डाव्या बाजूच्या एका पॅनेलमागे फ्रेमवर जांभळ्या शाईचा शिक्का दिसला. तपासनिसाचा गोल शिक्का, आत आकडा. इतक्या वर्षांनी, इतक्या ओलीतून तो कसा राहिला ते देव जाणे. प्रायमरच्या वर वार्निशचा हात होता, त्यानं राखला असावा. तो आकडा ज्यांचा होता त्यांच्या हाताखाली मी शिकलो. ते आता नाहीत. मी बराच वेळ टॉर्च धरून बसलो होतो. मॅडमनी विचारलं, “काका, काय सापडलं?” मी तिला बाजूला बोलावून दाखवलं. तिच्या वडिलांनीही त्यांच्याच हाताखाली रिव्हेट मारायला सुरुवात केली होती.

त्या शिक्क्यानं एक वाद मिटवला. शेपटीखाली दोन फ्रेमचा तळ पूर्ण गेला होता. एका कारागिराचं म्हणणं होतं की मागचा सगळा पत्राच नवा घालू, दिसायला नवं होईल. मिगचा मागचा भाग बोल्ट सोडून वेगळा होतो, त्यामुळे ते अवघडही नव्हतं. मी नको म्हटलं. मूळ पत्र्यावर माणसांच्या हाताच्या खुणा आहेत, नवा घातला की ते विमानाचं सोंग होईल. जिथे आधार हवा तिथे आतून ॲल्युमिनियमचं ठिगळ दिलं, प्रायमर आणि सीलंट मधे घालून, आणि ठिगळावर तारीख खोदली, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की हे 2024 चं, मूळ नव्हे. गळून पडलेला तुकडाही टाकला नाही. तो प्रयोगशाळेत काचेखाली आहे. गंज शिकवायला त्याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

रंगाचं शेवटी आलो. आधी मॅडमनी पोरांकडून प्रत्येक अंगाचे फोटो, मापं, अक्षरांचे ट्रेसिंग पेपरवर छाप घेतले. एरवी हीच पायरी गाळली जाते आणि मग विमानावर कुठला आकडा होता ते कुणालाच आठवत नाही. डाव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत ओल्या कागदानं थर एकेक करून उघडले. वर तीन करडे, त्याखाली हिरवा, त्याखाली प्रायमर, त्याखाली चकचकीत पत्रा. एफएल मुळात रुपेरी, उघड्या पत्र्याची विमानं होती. 1971 च्या युद्धात घाईघाईनं त्यांच्यावर हिरवट रंग फासले गेले. आमच्या विमानावरचा हिरवा तेव्हाचाच असं मी म्हणणार नाही. पण तो तळहाताचा चौकोन आम्ही रंगवला नाही, वरून पारदर्शक लेप देऊन तसाच ठेवला. बाकी अंगाला इपॉक्सी प्रायमर आणि पॉलियुरेथेनचा रंग, बारीक फवाऱ्यानं. प्रत्येक भोकात आधी आगपेटीची काडी खोचली, रंग वाळल्यावर काढली. ऑइल पेंटवाल्यांचं अंदाजपत्रक यापेक्षा स्वस्त होतं, हे खरंय. पण ते दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लागत होतं.

कॅनॉपी मात्र वाचली नाही. ती ॲक्रिलिकची, उन्हानं पिवळी पडलेली होतीच. त्यात एका रंगकामाच्या वेळी सांडलेला रंग कुणीतरी थिनरनं पुसला होता. ॲक्रिलिकला थिनर लागला की आत केसासारख्या चिरा पसरतात आणि त्या परत बुजत नाहीत. आता सुती पांढऱ्या कापडाची खोळ, काचेला न टेकेल अशी, सणासुदीला काढतात. छपरासाठी मी अजून भांडतोय. पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात काही विमानं हँगरखाली ठेवलीत त्यामागे कारण आहे. नुसतं चारी बाजूंनी उघडं छप्पर असलं तरी पाऊस, दव आणि ऊन तिन्ही अडतात. संस्था म्हणते पुढच्या वर्षी बघू. मी दर बैठकीत विषय काढतो आणि काढत राहीन.

देखभालीचं वेळापत्रक आप्पांच्या सोयीनं ठरलं. वर्षातून दोनदा: एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला. तारखा लोक विसरतात, छाटणी या मुलखात कुणी विसरत नाही. एप्रिलला भोकं तपासायची, जाळ्या बघायच्या, रंगाचे टवके मिटवायचे. ऑक्टोबरला पॅनेल उघडून आत वाळलंय का बघायचं, साध्या साबणाच्या पाण्यानं धुवायचं, प्रेशर वॉशर लावायचा नाही, कारण तो पाणी सांध्यांतून आत ढकलतो. सगळं एका शंभर पानी वहीत, सहीनिशी.

2024 च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस शाळेच्या वेळात आला. मॅडमनी दहावीच्या पोरांना छत्र्या दिल्या आणि विमानाच्या पोटाखाली 23 प्लॅस्टिकचे पेले मांडायला लावले, प्रत्येक भोकाखाली एक. मी घरून निघून पोहोचेपर्यंत पोरं भिजून चिंब झाली होती आणि आकडे ओरडत होती. बावीस पेल्यांत पाणी पडत होतं. चौदा नंबर कोरडा. एका मुलीनं गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी आणली, पालथी पडून ती भोकात हळूहळू सारली. आधी एक काडी आली, मग पिसाचा गुंता, मग बारीकशी धार तिच्या कोपरावर. तिनं तिथूनच विचारलं, “नाना, वहीत कारण काय लिहू?”

“मैना,” मी म्हटलं. “आणि जाळी कुठून ढिली झाली ते बघून पुढे लिही.”